लॅपटॉपची एक कळ बंद पडली, तर काय करावे? संपूर्ण कळफलक बदलण्यापूर्वी तपासण्याच्या गोष्टी

रायपूर : लॅपटॉपच्या कळफलकावरील एकच कळ बंद पडली, तर देवनागरीत लिहिणाऱ्याचे किती अडते, याचे उत्तर 'छत्तीसगढ' या शब्दातच मिळते. इनस्क्रिप्ट मांडणीत अक्षराचा पाय मोडण्याचे चिन्ह, म्हणजे हलन्त, इंग्रजी 'डी'च्या कळेवर असते. ती कळ निकामी झाली की पडद्यावर 'छततीसगढ' उमटते. 'महाराष्ट्र', 'विद्यार्थी', 'प्रश्न' यांपैकी एकही शब्द धड लिहिता येत नाही. याच कळेवर शिफ्टसह 'अ' येत असल्याने तोही हातचा जातो. हिंदी आणि मराठीसाठी या अक्षरांच्या जागा समान असल्यामुळे दोन्ही भाषांत लिहिणाऱ्या रायपूरमधील मराठी कुटुंबांची अडचण दुहेरी होते.

या शहरात हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. कर्मचारी निवड आयोगाचे मध्य प्रदेश आणि छत्तीसगढसाठीचे कार्यालय रायपूरमध्ये आहे आणि आयोगाच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या उमेदवारांची संख्या मोठी आहे. आयोगाच्या संयुक्त उच्च माध्यमिक स्तर परीक्षेत कनिष्ठ लिपिक पदासाठी हिंदी टंकलेखनाचा वेग मिनिटाला ३० शब्द, म्हणजेच ताशी ९,००० कळदाब, इतका अपेक्षित असतो. मिनिटाला १५० वेळा कळ दाबण्याच्या या सरावात एक कळ दगा देऊ लागली, तर बोटांना लागलेले वळणही बिघडते. अशा वेळी घाबरून नवा लॅपटॉप घेण्याची किंवा संपूर्ण कळफलक बदलण्याची घाई केली जाते. प्रत्यक्षात बिघाड नेमका कुठे आहे हे आधी ओळखले, तर अनेकदा कमी खर्चात काम भागते.

कळेच्या आत काय असते?

बहुतेक लॅपटॉपमध्ये प्रत्येक कळेचे तीन भाग असतात. वर अक्षर छापलेली टोपी, तिच्याखाली कैचीप्रमाणे एकमेकांत अडकवलेल्या दोन प्लास्टिकच्या चौकटी आणि मध्यभागी रबराची लहान घुमटी. कळ दाबली की घुमटी खाली बसते, त्याखालील पातळ थरांवरील विद्युतमार्ग एकमेकांना टेकतात आणि संकेत पुढे जातो. ऐंशी-शंभर कळांसाठी तितक्याच स्वतंत्र तारा नसतात. आडव्या आणि उभ्या मार्गांचे जाळे असते आणि कोणत्या छेदबिंदूवर संपर्क झाला, हे नियंत्रक चिप ओळखते.

या रचनेवरून बिघाडाचा अंदाज बांधता येतो. टोपी निखळली असेल, पण खालची घुमटी दाबल्यावर अक्षर उमटत असेल, तर दोष केवळ यांत्रिक आहे. टोपी शाबूत असून अक्षर उमटत नसेल, तर खाली धूळ किंवा चिकट द्रव साचला असण्याची किंवा संपर्कथर खराब झाला असण्याची शक्यता असते. एकाच वेळी चार-पाच कळा बंद पडल्या, तर दोष बहुधा एखाद्या मार्गात किंवा कळफलकाला मुख्य पटलाशी जोडणाऱ्या रिबन केबलमध्ये असतो.

धुळीचा मुद्दा रायपूरसाठी विशेष महत्त्वाचा आहे. शहरालगतच्या उरला आणि सिलतरा औद्योगिक पट्ट्यात स्पंज आयर्नचे कारखाने असून, घरांत साचणाऱ्या काळ्या धुळीचा अनुभव रहिवाशांना नवा नाही. बारीक कण कळफलकाला किती भारी पडू शकतात, याचे मोठे उदाहरण ॲपल कंपनीचे आहे. कंपनीने २०१५ मध्ये मॅकबुकसाठी 'बटरफ्लाय' रचनेचा अतिशय पातळ कळफलक आणला. कळा अडकण्याच्या आणि एकच अक्षर दोनदा उमटण्याच्या तक्रारी वाढल्यानंतर २०१८ मध्ये मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली. २०१९ च्या अखेरीस १६ इंची मॅकबुक प्रोपासून कंपनी पुन्हा कैचीच्या रचनेकडे वळली. या प्रकरणी अमेरिकेतील सामूहिक दावा २०२२ मध्ये पाच कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटवण्यात आला.

आधी तपासणी, मग दुरुस्ती

पहिली चाचणी सोपी आहे. यूएसबीने जोडला जाणारा बाहेरचा कळफलक लावून तीच कळ दाबून पाहावी. त्यावर अक्षर उमटले, तर दोष लॅपटॉपच्या कळफलकात आहे. बाहेरच्या कळफलकावरही तेच घडले, तर भाषेची मांडणी किंवा संगणकातील एखादी सेटिंग तपासावी. विंडोजमध्ये उजवी शिफ्ट कळ आठ सेकंद दाबून धरल्यास 'फिल्टर कीज' ही सुविधा सुरू होऊ शकते. ती सुरू असताना झटपट दाबलेल्या कळांची दखल घेतली जात नाही आणि कळफलक बिघडल्याचा भास होतो. एकदा लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करणेही आवश्यक आहे.

स्वच्छतेसाठी लॅपटॉप बंद करावा आणि चार्जर काढावा. त्यानंतर लॅपटॉप तिरका धरून कळेभोवती दाबाखालील हवेचे छोटे झोत मारावेत. टोपी काढण्याची वेळ आलीच, तर प्लास्टिकच्या पातळ पट्टीने एका कोपऱ्यातून ती हळूच उचलावी. कैचीचे आकडे नाजूक असतात आणि ते कोणत्या बाजूला अडकतात, हे प्रत्येक मॉडेलनुसार बदलते. स्पेसबार, एंटर आणि शिफ्ट या लांब कळांखाली धातूची आधारतार असते. त्यामुळे त्या घरी न काढणेच श्रेयस्कर. चिकटपणा असल्यास कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब घेऊन जागा पुसावी आणि पूर्ण सुकल्यावरच लॅपटॉप सुरू करावा.

चहा किंवा पाणी सांडले असेल, तर मात्र कळ तपासत बसू नये. लॅपटॉप तत्काळ बंद करावा, चार्जर काढावा, कळफलक खालच्या बाजूला येईल असा तो उलटा ठेवावा आणि तंत्रज्ञाकडे न्यावा. तांदळात ठेवण्याचा किंवा हेअर ड्रायरने गरम हवा मारण्याचा उपाय टाळावा. तांदळाने आतला साखरेचा थर निघत नाही आणि उष्णतेने प्लास्टिक वाकते.

दुरुस्ती होईपर्यंत काम कसे चालवावे?

विंडोजमध्ये विंडोज, कंट्रोल आणि 'ओ' या कळा एकत्र दाबल्यास पडद्यावर कळफलक उघडतो. बंद पडलेली कळ पासवर्डमध्येच असेल, तर प्रवेशाच्या पडद्यावरील सुलभता चिन्हातूनही तो उघडता येतो. मायक्रोसॉफ्टच्या 'पॉवरटॉइज' या मोफत साधनातील 'कीबोर्ड मॅनेजर' वापरून निकामी कळेचे काम क्वचित लागणाऱ्या दुसऱ्या कळेकडे सोपवता येते. कळ सतत दाबली जाऊन एकच अक्षर आपोआप उमटत असेल, तर याच साधनाने ती निष्क्रिय करता येते.

पत्रव्यवहारासाठी ही सोय पुरेशी आहे, मात्र टंकलेखन परीक्षेच्या उमेदवारांनी ती टाळावी. कळेची जागा बदलून सराव केला, तर बोटांना चुकीची सवय लागते आणि परीक्षा केंद्रातील कळफलकावर तीच सवय गुण गमावते. त्यांच्यासाठी बाहेरचा यूएसबी कळफलक हाच योग्य तात्पुरता पर्याय आहे. तो नंतरही उपयोगी पडतो.

दुकानात जाण्यापूर्वी

केवळ टोपी किंवा कैची तुटली असेल, तर त्याच मॉडेलचा सुटा भाग मिळतो का, हे आधी विचारावे. संपर्कथर खराब झाला असेल, तर कळफलक बदलणे बहुधा अटळ ठरते. काही लॅपटॉपमध्ये तो स्क्रूने बसवलेला असतो. अनेक पातळ मॉडेलमध्ये मात्र तो वरच्या आवरणालाच पक्का जोडलेला असतो आणि संपूर्ण आवरण बदलावे लागते. खर्चातील मोठी तफावत यामुळेच पडते. म्हणून सुटा भाग, मजुरी आणि दुरुस्तीची हमी यांचे आकडे वेगवेगळे लिहून घ्यावेत.

हमीची मुदत शिल्लक असेल, तर लॅपटॉप बाहेर उघडू देऊ नये. अपघाती तुटफूट आणि सांडलेल्या द्रवामुळे झालेले नुकसान साधारण हमीत सहसा येत नाही. कळेच्या बिघाडाने साठवलेल्या माहितीला धक्का लागत नाही, तरीही लॅपटॉप सोपवण्यापूर्वी महत्त्वाच्या फायलींची प्रत काढावी. कळफलकाची चाचणी स्वतंत्र खाते उघडून करता येते, त्यामुळे स्वतःचा पासवर्ड देण्याची गरज नसते.

ग्राहकाचा हक्क

दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले. मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक्स हे त्यातील चार क्षेत्रांपैकी एक आहे. सुट्या भागांची आणि दुरुस्तीची माहिती कंपन्यांनी तेथे एकत्रित उपलब्ध करून देणे अपेक्षित आहे. मोबाईल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी दुरुस्तीयोग्यता निर्देशांक आखण्याकरिता २०२४ मध्ये समितीही नेमण्यात आली. फ्रान्समध्ये २०२१ पासूनच लॅपटॉपवर दहापैकी असा गुणांक दाखवणे बंधनकारक आहे. खरेदीच्या वेळीच ग्राहकाला दुरुस्तीची शक्यता समजावी, हा त्यामागील हेतू आहे.

दुरुस्तीच्या सेवेत त्रुटी राहिल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. त्यासाठी पावती आणि लेखी अंदाजपत्रक जपून ठेवावे. बदललेला जुना कळफलक घरच्या कचऱ्यात टाकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार त्याची विल्हेवाट नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रांमार्फत होणे अपेक्षित आहे.