मोटारीचे अभ्यंगस्नान

नेसरी म्हटले की खिंड आठवते. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनौबत प्रतापराव गुजर सहा साथीदारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, ते इथेच. त्यांचे शौर्य आम्हां नेसरीकरांच्या वाट्याला किती आले ठाऊक नाही. उतावळेपणा मात्र मला पुरेपूर लाभला आहे.

२०१९च्या ऑगस्टमधला कोल्हापूरचा महापूर वाचकांना आठवत असेल. त्या पावसात आमची जुनी मारुती ८०० मी ओढ्याच्या पाण्यातून दामटली होती. दिवाळीला गावी आलो, तो तिसरा गिअर टाकताना करकर ऐकू येऊ लागली. त्या दिवशी वसुबारस. दुसऱ्या दिवशी पहाटे बहिणीला आणि तिच्या तान्ह्याला आणायला बेळगाव स्टेशनावर जायचे, आणि गॅरेजवाला म्हणे, पाडव्यानंतर या!

इंजिनाचे ऑइल आपण वेळेवर बदलतो. गिअरबॉक्समध्ये काही जळत नाही, म्हणून तिथले ऑइल वर्षानुवर्षे कुणाच्या ध्यानातही येत नाही. पण दातांच्या घर्षणाने धातूची पूड त्यात साठते, आणि हवा जाण्याच्या नळीतून पाणी शिरले तर ते वंगण म्हणायच्या लायकीचे राहत नाही. गिअर पडताना दोन चक्रांचा वेग जुळवणारी एक कडी आत असते, बहुधा पितळेची. ही युक्ती कॅडिलॅकने १९२८ साली आणली; त्याआधी ड्रायव्हरला कानाने अंदाज घेऊन वेग जुळवावा लागे. ह्या पितळेसाठीच, गाडीच्या पुस्तकात ‘जीएल-४’ लिहिले असेल तर तेच घ्यावे. ‘जीएल-५’ मधली गंधकाची द्रव्ये पितळेला बाधू शकतात. दुकानदार ‘त्याहून भारी’ म्हणून देऊ करतो, त्याला भुलू नये.

ऑइल पातळ व्हावे म्हणून गाडी थोडी फिरवून आणली. शेजारच्या ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या मामांकडून चार लोखंडी घोड्या आणून गाडी सपाट उचलली. (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कुणीही शिरू नये.) मी खालच्या बुचाला पाना लावला, तोच मामा ओरडले, “अवो पावणं, थांबा! आधी वरचं बूच निघतंय का बगा. खालचं रिकामं केलं आन् वरचं निघालं न्हाई, तर भरशीला कुटनं?”

वरचे बूच खरोखरच निघेना. पहाटेची गाडी, बहीण, तान्हे मूल डोळ्यांपुढे येऊन मला घाम फुटला. मामांनी डिझेल सोडले, हातोडीने हलकेच ठोकले, पुन्हा डिझेल. आईचे दोन चहा झाले. दीड तासाने बूच एकदाचे कुरकुरले.

मग खालचे काढले, तर दूध घातलेल्या चहासारखे ऑइल! बुचाच्या चुंबकावर करडी पूड होती. धातूचे तुकडे नव्हते, हे नशीब. नवे वायसर घालून खालचे बूच आवळले. वरच्या भोकात लांब नळी घालून नवे ऑइल ओतले. गाडी सपाट असली की मापाची चिंता नाही. भोकाच्या काठावरून ओघळू लागले की पुरे.

पहाटे बेळगावच्या वाटेवर तिसरा गिअर निमूट पडला. कोपऱ्यात राहिलेल्या पाण्यासाठी महिन्याभराने ऑइल पुन्हा एकदा बदलले, तेही मामांच्याच देखरेखीखाली.

काढलेले ऑइल काका बैलगाडीच्या आसाला मागत होते. ते नासके वंगण मी दिले नाही, गटारातही ओतले नाही. डबा बंद करून जुने ऑइल नेणाऱ्यासाठी मामांच्या दुकानात ठेवला. काका अजून रुसलेले आहेत.