लाइट गेली, तरी प्लग काढा

सकाळी ७. आमच्या खापर गावातून जाणाऱ्या अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावर गुजरातकडच्या ट्रकांची ये-जा सुरू झालेली असते. दुकानाचं शटर वर केलं की आधी ड्रिल मशीन टेबलावर घ्यायचं, पण प्लग लावायचा नाही. प्लगपासून मुठीपर्यंत वायर बोटांतून सरकवत तपासायची. वायर मुठीत शिरते तिथे रोज पीळ पडतो आणि बहुतेक वेळा ती तिथेच तुटते. आवरण फाटलं असेल तर टेप गुंडाळून भागवायचं नाही, वायर बदलायची. मग बटण दाबून बघायचं. सोडल्यावर ते लगेच परत आलं पाहिजे. अडकत असेल तर ते मशीन आज कामावर जाणार नाही.

मशीनवरच्या माहितीच्या पट्टीवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर आत दुहेरी इन्सुलेशन आहे, दोन पिनचा प्लग चालतो. चिन्ह नसलेल्या धातूच्या बॉडीच्या जुन्या मशीनला मात्र अर्थिंग हवंच. बोर्डात बसत नाही म्हणून तिसरी पिन कापणारे मी पाहिले आहेत. आत वायर सुटली तर त्या मशीनची बॉडीच शॉक देते.

सकाळी ८:३०. अक्कलकुव्याच्या रस्त्याला नवं घर आहे, तिथे कपाटं आणि पडद्याचे रॉड बसवायचे आहेत. पोहोचल्यावर आधी मीटरजवळचा बोर्ड बघायचा. तिथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर त्याचं टेस्टचं बटण दाबायचं. खटका पडला म्हणजे गळती झाल्यावर तो सप्लाय तोडेल. एक्स्टेंशनची वायर चक्रीवरून पूर्ण सोडायची, गुंडाळलेली राहिली तर ती तापते.

सकाळी १०. होल पाडायला सुरुवात. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि आडव्या रेषेत भिंतीच्या आत वायर असू शकते, म्हणून ती जागा सोडायची. डोळ्यांवर गॉगल, नाकावर रुमाल, बाह्या घट्ट, गळ्यात उपरणं नाही. हातमोजेही नाहीत, कारण फिरता बिट मोजा पकडतो आणि मोज्याबरोबर बोटं ओढतो. बाजूची मूठ लावून दोन्ही हातांनी धरायचं. सिमेंटला हॅमर चालू, लाकडाला आणि लोखंडाला बंद. आमच्या भागात कुडाच्या भिंती आणि सागाचे खांब असलेली घरं अजून आहेत. तिथे हॅमर लावला तर लाकूड चिरतं.

सकाळी ११:४०. लाइट गेली. आमच्याकडे हे नवीन नाही, आणि दिवसातला सगळ्यात सांभाळण्याचा क्षण हाच. बिट भिंतीत अडकलेला, बटण लॉक केलेलं, आणि माणूस मशीन तसंच लटकवून पाणी प्यायला जातो. लाइट येते तेव्हा मशीन आपोआप फिरू लागतं.

"दादा, लाइटच नाही, मग प्लग कशाला काढायचा?" असं शिकाऊ पोरगा पहिल्या आठवड्यात विचारतोच.

"लाइट येताना आपल्याला विचारून येते का? आधी लॉक सोड, मग प्लग काढ, मग चकला हात लाव." बिट बदलतानाही हाच क्रम. बिट धरणाऱ्या चकची चावी काढून खिशात ठेवल्याशिवाय प्लग परत लावायचा नाही. बॅटरीचं मशीन असेल तर बॅटरी काढून ठेवायची.

दुपारी १. जेवण. जेवताना पोराला या मशीनची गोष्ट सांगतो. जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये फाइन कंपनीने १८९५ साली हातात धरून चालवायचं विजेचं ड्रिल बनवलं. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखालचं बटण असलेल्या ड्रिलचं पेटंट ब्लॅक अँड डेकरला अमेरिकेत १९१७ साली मिळालं. बोट उचललं की मशीन थांबतं, ही त्या बटणाची मोठी सोय. लॉक लावला की ती सोय आपण स्वतःच बंद करतो, म्हणून शिडीवर लॉक कधीच नाही.

दुपारी ३. ग्रिलचं काम. पंच मारून खूण करायची, तुकडा शिकंज्यात आवळायचा, आधी बारीक बिट, मग मोठा, आणि थेंबभर तेल. बिट आरपार निघताना जोर कमी करायचा. तिथेच तो अडकतो आणि मनगट पिरगाळतं. व्होल्टेज डिम असेल तर मशीनची ताकद घटते, आपण जास्त रेटतो आणि मोटरचं आर्मेचर तापतं. शिवाय गार करणारा पंखा मोटरच्याच दांड्यावर असतो. मोटर हळू फिरली की वाराही कमी. बॉडी हाताला चटका देऊ लागली की बिट बाहेर काढून मशीन मिनिटभर रिकामं, पूर्ण वेगाने फिरवायचं.

संध्याकाळी ५:३०. प्लग काढून सफाई. कोरड्या ब्रशने हवेच्या फटी झाडायच्या. ओलं फडकं नको. चक खाली धरून जबडे उघडायचे आणि हलकेच ठोकायचं, सिमेंटची पूड गळून पडते. दिवसभरात फटीतून मोठ्या पिवळ्या ठिणग्या दिसल्या असतील किंवा मशीन अडखळलं असेल तर मोटरचे कार्बन ब्रश बघायचे. बारीक निळसर ठिणगी चालते. कार्बन खुणेच्या रेषेपर्यंत झिजले असतील तर दोन्ही एकदम बदलायचे, त्याच मापाचे आणि त्याच मॉडेलचे. एकच नवा टाकला तर कॉम्युटेटर असमान घासला जातो. नवे बसवल्यावर मशीन थोडा वेळ रिकामं फिरवायचं.

संध्याकाळी ७. बिट काढून मशीन पेटीत. वायर मशीनभोवती आवळायची नाही, सैल वेटोळं करून वर ठेवायची. पेटी जमिनीपासून उंच, पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीपासून लांब, आणि पोरांचा हात पोहोचणार नाही अशा जागी.

ही सगळी तपासणी सकाळी पाच मिनिटांची आणि संध्याकाळी दहा मिनिटांची. कार्बनची जोडी स्वस्त आहे, जळलेलं आर्मेचर महाग आहे, आणि बोट तर कोणत्याच दुकानात मिळत नाही. तुमच्याकडे काम शिकायला पोरगा असेल तर त्याला होल पाडायला शिकवण्याआधी प्लग काढायला शिकवा.