गाडी आणि घडा : डेस्कटॉपच्या जागी गेमिंग लॅपटॉप

(जामखेड येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



विषय ऐकून काही जणांना हसू आलेलं दिसतंय. तत्त्वज्ञानाचा म्हातारा मास्तर आणि गेमिंग लॅपटॉप! पण हा प्रश्न आम्हाला गावात वरचेवर विचारला जातो. पोरगं किंवा पोरगी पुण्याला शिकायला जाते आणि महिनाभरात घरी फोन येतो, ‘बाबा, गेमिंग लॅपटॉप घ्यावा लागेल.’ बाप आमच्याकडे येतो. म्हणतो, सर, उडदाचे आणि कांद्याच्या पट्टीचे पैसे जमवून ठेवलेत; खेळायच्या यंत्रात लाख रुपये घालायचे का? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं एका शब्दात देणं मात्र बरोबर नाही. आमच्याही टेबलावर असं एक यंत्र गेली तीन वर्षं डेस्कटॉपच्या जागी आहे. जुनी पुस्तकं स्कॅन करून त्यांचा मजकूर करणं, व्याख्यानांच्या चित्रफिती कापणं-जोडणं ही कामं आम्ही त्यावर करतो. तेव्हा जे बोलणार ते वापरून बोलणार.

आधी नावाचा घोळ काढू. पडद्यावर साधारणपणे २० लाखांहून अधिक ठिपके असतात. खेळ गुळगुळीत दिसायचा तर त्या प्रत्येक ठिपक्याचा रंग सेकंदाला साठ वेळा नव्याने ठरवावा लागतो. हे काम मुख्य प्रोसेसरला झेपत नाही, म्हणून त्यासाठी वेगळी ग्राफिक्स चिप असते आणि तिची स्वतःची वेगळी मेमरी असते. एकाच प्रकारची आकडेमोड हजारो ठिकाणी एकदम करायची, हा तिचा धर्म. इमारतीचं त्रिमिती चित्र, व्हिडिओचं संपादन, कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग या सगळ्यांना नेमकी तशीच आकडेमोड लागते. म्हणजे नाव खेळाचं, पण अंगातली ताकद कोणत्याही कामाला जुंपता येते.

ही ताकद केवढी? १९९१ साली पुण्याच्या सी-डॅकने ‘परम ८०००’ हा महासंगणक बांधला. देशाला अभिमान वाटावा अशीच ती गोष्ट होती. त्याची क्षमता होती सुमारे एक गिगाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला शंभर कोटी आकडेमोडी. आजच्या मध्यम गेमिंग लॅपटॉपची ग्राफिक्स चिप कागदावर सेकंदाला काही लाख कोटी आकडेमोडी करते. मोजायची पद्धत दोन्हीकडे तंतोतंत एक नाही, हे मान्य. तरी अंतर किती पडलं ते ध्यानात येईल.

आता मुख्य मुद्दा. टेबलावरचं यंत्र उचलून नेता यावं ही हौस जुनी आहे. १९८१ साली अमेरिकेत ‘ऑस्बोर्न १’ नावाचा संगणक निघाला. वजन सुमारे ११ किलो, पडदा पाच इंचांचा, आणि आत बॅटरी नाही! त्याला उचलता येण्याजोगा म्हणत. आज तेच वजन अडीच किलोवर आलंय. पण एक गोष्ट तेव्हाही सुटली नव्हती आणि आजही सुटलेली नाही. ती म्हणजे उष्णता.

बघा, यंत्रात जेवढी वीज जाते तेवढीच शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. दोनशे वॅट आत गेले की दोनशे वॅट बाहेर आलेच. डेस्कटॉपच्या खोक्यात हवा खेळायला ऐसपैस जागा असते. लॅपटॉपमध्ये बोटभर जाडीत दोन चपटे पंखे आणि तांब्याच्या नळ्या हे सगळं निभावतात. त्यात आपला जामखेडचा उन्हाळा! खोलीतली हवाच चाळीस अंशांची असेल तर तिने यंत्राला गार किती करायचं? प्रोसेसर पंचाण्णव-शंभर अंशांच्या आसपास गेला की स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. तो बिघाड समजू नका, जीव वाचवण्यासाठी केलेली ती सोय आहे.

यातूनच नाम आणि रूप यांचा एक झगडा उभा राहतो. दुकानात सांगतात, ‘यात आरटीएक्स ४०९० आहे, डेस्कटॉपमध्ये असते तीच.’ नाव तेच, वस्तू ती नव्हे. डेस्कटॉपच्या ४०९० मध्ये १६,३८४ गणनकेंद्रं, २४ जीबी मेमरी आणि ४५० वॅटपर्यंत वीज. लॅपटॉपच्या ४०९० मध्ये ९,७२८ गणनकेंद्रं, १६ जीबी मेमरी आणि वीज साधारण १५० ते १७५ वॅट. आणखी पुढे जा. लॅपटॉपची ४०६० ही एकच चिप कंपन्या ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत वेगवेगळ्या मर्यादेत बसवतात. म्हणजे एकाच नावाच्या दोन लॅपटॉपांतही जमीन-अस्मानाचं अंतर असू शकतं. म्हणून दुकानदाराला चिपचं नाव विचारलंत की लगेच दुसरा प्रश्न विचारा, ‘तिला वॅट किती मिळतात?’ त्याला सांगता आलं नाही तर कंपनीच्या माहितीपत्रकात बघा.

आता विजेकडे येऊ. मोठं काम चालू असताना दोनशे वॅट धरले तर पाच तासांत एक युनिट जळतं. लिहिण्या-वाचण्याचं काम असेल तर चाळीस वॅटच्या आतबाहेर, म्हणजे एक युनिट पंचवीस तास पुरतं. बिलाची फार चिंता नको. बॅटरीचा हिशेब मात्र समजून घ्या. परवानगी न काढता विमानात नेता येणारी बॅटरी १०० वॅट-तासांची, म्हणून कंपन्या सहसा त्याच्या आत राहतात. ८० वॅट-तासांची बॅटरी दोनशे वॅटला किती पुरेल? चोवीस मिनिटं. शिवाय बॅटरीवर असताना यंत्र आपली पूर्ण ताकद लावतच नाही, कारण बॅटरीला एकदम तेवढी वीज देता येत नाही. तेव्हा ‘कुठेही बसून जड काम करू’ ही कल्पना सोडून द्या. जड काम भिंतीच्या सॉकेटजवळच.

मग बॅटरी फुकट का? मुळीच नाही. आपल्याकडे वीज गेली की डेस्कटॉप जागेवर मरतो आणि न साठवलेलं काम घेऊन जातो. लॅपटॉपच्या पोटातच त्याचा यूपीएस आहे. तुम्ही शांतपणे काम साठवता, जड प्रोग्रॅम बंद करता आणि पुढे दोन-तीन तास लिहीत बसता. आमच्या मते तालुक्याच्या गावात या यंत्राचा हा सगळ्यात मोठा गुण आहे.

इथे थोडं आमच्या विषयाकडे वळतो. मिलिंदप्रश्नात नागसेन मिलिंद राजाला विचारतो, रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? सगळ्याला राजा नाही म्हणतो. म्हणजे रथ हे भाग जुळून आल्यावर दिलेलं नाव. नैयायिकांना हे पटत नाही. त्यांच्या मते अवयव एकत्र आले की अवयवी ही एक नवीच वस्तू जन्माला येते. त्यांचं लाडकं उदाहरण घट, म्हणजे आपला घडा, मडकं.

आम्हाला वाटतं, डेस्कटॉप ही गाडी आहे आणि गेमिंग लॅपटॉप हा घडा. बैलगाडीचा आरा मोडला तर सुतार आरा बदलतो, जू झिजलं तर नवं जू घालतो. गाडी तीच राहते. डेस्कटॉपची ग्राफिक्स कार्ड चार वर्षांनी कमी पडली तर तेवढीच बदलायची. पडदा, खोकं, कीबोर्ड तेच. लॅपटॉपमध्ये बहुधा मेमरी आणि साठवणीची डिस्क बदलता येते. पण प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप बोर्डावर डाख देऊन कायमच्या बसवलेल्या असतात. त्यातली एक गेली की अख्खा बोर्ड बदला, आणि वॉरंटी संपलेली असेल तर तो खर्च ऐकून माणूस खाली बसतो. घड्याला तडा गेला की तेवढा तुकडा बदलता येत नाही. पण मंडळी, विहिरीवरून पाणी डोक्यावर आणायचं तर घडाच लागतो! दोन्ही आपापल्या जागी.

तेव्हा निवड वेगावरून करू नका, हालचालीवरून करा. आपल्या भागाला हे समजावून सांगायला नको. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबं संसारातलं काय बरोबर घ्यायचं नि काय मागे ठेवायचं, हे नेमकं जाणतात. ज्याचं बिऱ्हाड हलतं, त्याची भांडी वेगळी. पोरगी वर्षातून चार वेळा वसतिगृह ते घर करणार असेल, खोली दरवर्षी बदलणार असेल, आणि शिक्षणाला जड सॉफ्टवेअर खरोखर लागत असेल, तर लॅपटॉप घ्या. यंत्र जामखेडातल्या एकाच टेबलावर पाच वर्षं बसणार असेल, स्टुडिओत किंवा दुकानात, तर डेस्कटॉप आणि एक चांगला यूपीएस घ्या. त्याच पैशात जास्त ताकद मिळेल आणि दुरुस्तीही सोपी. तिसरी स्थिती आमच्यासारख्यांची. आम्ही आठ महिने इथे, पावसाळ्यात मुलीकडे पुण्याला. म्हणून आमच्याकडे घडा.

एकदा घेतलात की तो डेस्कटॉपसारखाच वापरा. मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलून ठेवा. गादीवर, गोधडीवर कधीच नको, खालून हवा घेतो तो. वेगळा कीबोर्ड, माउस आणि जमलं तर चोवीस इंची पडदा जोडा, मान वाचेल. सतत चार्जरवर राहणार असेल तर कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंगची मर्यादा साठ किंवा ऐंशी टक्क्यांवर ठेवा. पूर्ण भरलेली आणि वर तापलेली लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते, फुगतेही. धातूच्या अंगाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं तर आधी घराचं अर्थिंग तपासून घ्या. आणि धूळ! मळणीच्या दिवसांत आपल्याकडे हवेत काय उडतं ते ठाऊक आहे. दर तीन-चार महिन्यांनी यंत्र पूर्ण बंद करून जाळीत हवा मारा. मात्र पंख्याची पाती काडीने अडवून धरा, नाहीतर ती भलत्या वेगाने फिरून खराब होतात.

याच जामखेडात १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं. आरोग्याचं ज्ञान त्यांनी गावोगावच्या, शाळा न पाहिलेल्या बायांच्या हाती दिलं. आजार होण्याआधीच टाळायचा कसा, हे त्या बाया शिकल्या आणि त्यांनी गावाला शिकवलं. माणसाचं शरीर आणि यंत्र यांची बरोबरी आम्ही करत नाही. पण ज्ञान तज्ज्ञाच्या कपाटात बंद राहिलं तर आपण कायम परावलंबी, हे दोन्हीकडे खरं. पावती नावावर असली म्हणजे मालकी आली असं नव्हे. यंत्र तापतं कशाने, थकतं कशाने हे कळलं की ते आपलं झालं.

प्रश्न : सर, मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. गेमिंगच लागेल का?

उत्तर : पहिल्या वर्षाला बहुधा नाही. साधा प्रोग्रॅम लिहायला १६ जीबी मेमरीचा हलका लॅपटॉप भरपूर झाला. कोणतं सॉफ्टवेअर लागणार, याची यादी कॉलेजातून लिहून आणायला सांगा. यादीत वेगळी ग्राफिक्स चिप आवश्यक असं असेल तर विचार करू. आणि त्या पोरीला सुट्टीत दोन घटका खेळायचंही असेल, तर तिने तसं मोकळेपणाने सांगावं. खेळ हे पाप नाही. पैशाचा हिशेब तेवढा खरा पाहिजे.

प्रश्न : वापरलेला घेतला तर?

उत्तर : घ्या, पण बाजारात मडकं घेताना बायका काय करतात? बोटाने वाजवून बघतात. तसंच करा. अर्धा तास जड काम लावून ठेवा. यंत्र मध्येच बंद पडतं का, पंखा खरखरतो का, बॅटरीने तळ किंवा झाकण उचललंय का ते बघा. विकणारा अर्धा तास थांबायला तयार नसेल, तर दुसऱ्या दुकानात चला.