पिकअपच्या इंजिनाचा पट्टा का किंचाळतो? निदान आणि दुरुस्ती

पावसाळ्यातली पहाट आहे. भाजीचे क्रेट भरलेली डिझेल पिकअप सुरू होते आणि बॉनेटखालून ‘कुईंऽऽ’ अशी कानात घुसणारी किंचाळी येते. दहा-पंधरा सेकंदांत ती आपोआप थांबते. चालक म्हणतो, "गार आहे म्हणून ओरडते, गरम झाली की थांबते." आणि गाडी मंडईच्या वाटेला लागते. तुम्ही इंदूरला राहत असा, बेळगावला, बडोद्याला किंवा रायपूरला, हा आवाज तुमच्या ओळखीचा असणार.

चालकाचे निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. तो का चुकीचा, हे समजण्यासाठी लागणारे सूत्र तुम्ही यंत्रशास्त्राच्या सुरुवातीच्या पाठांत शिकलेले आहात. परीक्षेत ते गिरणीच्या पट्ट्यासाठी येते. आज आपण ते बॉनेटखाली लावून पाहू.

हा पट्टा नेमके काय काय चालवतो

इंजिनाच्या पुढच्या बाजूला क्रँकशाफ्टच्या टोकावर एक पुली असते. तिच्यावरून निघालेला पट्टा अल्टरनेटर, पाण्याचा पंप, पॉवर स्टिअरिंगचा पंप, एसीचा कॉम्प्रेसर, काही गाड्यांत पंखासुद्धा फिरवतो. जुन्या इंजिनांत यासाठी इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचे एक-दोन पट्टे असत. मेकॅनिक अजूनही सगळ्यांना ‘फॅन बेल्ट’च म्हणतात. आताच्या इंजिनांत बहुधा एकच लांब, चपटा आणि आतून उभ्या रिब असलेला पट्टा सगळ्या पुल्यांभोवती नागमोडी फिरतो. त्याच्या पाठीवर ‘६ पीके १७५०’ असे काही छापलेले असेल, तर सहा रिब आणि १७५० मिलिमीटर लांबी असा त्याचा अर्थ. टायमिंग बेल्ट वेगळा. तो दातेरी असतो, झाकणाआड असतो आणि आजच्या पाठाशी त्याचा संबंध नाही.

हा पट्टा तुटला तर काय होते? चार्जिंग बंद पडते, स्टिअरिंग जड होते आणि पंपाला हाच पट्टा असेल तर पाणी फिरायचे थांबून इंजिन तापते. काही डिझेल इंजिनांत ब्रेकला साहाय्य करणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीलाच जोडलेला असतो. तिथे पट्टा गेला, की थोड्या वेळात ब्रेकचे पेडल दगडासारखे घट्ट होते. भरलेली गाडी घाटात उतरताना हे घडले तर काय होईल, याची कल्पना तुम्ही करू शकता. म्हणून या किंचाळीकडे केवळ कानाला होणारा त्रास म्हणून पाहू नका.

किंचाळीमागचे गणित

पुलीवर पट्ट्याची एक बाजू घट्ट आणि दुसरी सैल असते. या दोन ताणांमधला फरक पुली फिरवतो. पण हा फरक हवा तेवढा वाढवता येत नाही. घसरण सुरू होण्याच्या क्षणी दोन ताणांचे गुणोत्तर २.७१८ या संख्येच्या घाताइतके असते, आणि तो घात म्हणजे घर्षणांक गुणिले स्पर्शकोन (रेडियनमध्ये). पट्टा खाचेत बसणारा असेल तर घर्षणांकाला खाचेच्या अर्ध्या कोनाच्या साइनने भागायचे.

आता आकडे घालू. अल्टरनेटरची पुली लहान असते आणि पट्टा तिच्याभोवती साधारण १५० अंश, म्हणजे २.६२ रेडियन गुंडाळलेला आहे असे धरू. खाचेचा कोन ४० अंश, कोरडा घर्षणांक ०.३. घात येतो २.३ आणि गुणोत्तर जवळजवळ १०. इंजिन सुरू करताना स्टार्टरने बॅटरी बरीच ओढलेली असते, त्यामुळे सुरू झाल्याबरोबर अल्टरनेटरला मोठा प्रवाह द्यावा लागतो. १४ व्होल्टला ५० अँपिअर म्हणजे ७०० वॉट. अल्टरनेटरची कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर पट्ट्याकडून सुमारे १२७० वॉट हवेत. इंजिन आयडलवर आहे. ६० मिलिमीटरची पुली मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर पट्ट्याचा वेग सेकंदाला ६.३ मीटर होतो. शक्तीला वेगाने भागा: ताणांमधला फरक सुमारे २०० न्यूटन हवा. गुणोत्तर १० असताना घट्ट बाजू २२२ आणि सैल बाजू २२ न्यूटन असली तरी काम भागते. दोन्हींची सरासरी १२२ न्यूटन. (अपकेंद्री ताण मी सोडून दिला आहे; एवढ्या कमी वेगाला तो नगण्य असतो.)

रात्रभर पाऊस झाला, पट्टा ओला आहे. घर्षणांक निम्मा, ०.१५ झाला असे समजा. गुणोत्तर १० वरून एकदम ३.१५ वर येते, कारण घर्षणांक घातात बसलेला आहे. आता तेच २०० न्यूटन पेलण्यासाठी घट्ट बाजू २९३ आणि सैल बाजू ९३ न्यूटन लागेल, सरासरी १९३. तुमच्या पट्ट्यात १५० न्यूटनच ताण उरला असेल, तर कोरड्यात तो मुकाट्याने चालेल आणि ओल्यात घसरेल.

घसरतानाही तो सरळ घसरत नाही. क्षणभर पुलीला चिकटतो, ताणला जातो, सुटतो, पुन्हा चिकटतो. हे सेकंदाला शेकडो वेळा घडले की पट्ट्याचा मोकळा भाग थरथरतो आणि आवाज देतो. व्हायोलिनच्या तारेवर गज फिरतो तेव्हाही हेच घडते. काही सेकंदांत घर्षणाच्या उष्णतेने पट्टा वाळतो, बॅटरीची भूक कमी होते आणि आवाज थांबतो. ताण मात्र १५० च राहतो. ‘गरम झाली की थांबते’ या वाक्यातली चूक ती हीच.

आधी कान, मग पाणी

निदानाची सुरुवात आवाज ओळखण्यापासून करा. लांबलचक किंचाळी, जी हेडलाइट किंवा एसी लावल्यावर, अथवा स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर वाढते, ती घसरण सुचवते. तुटक ‘चिक्-चिक्-चिक्’, इंजिनाच्या वेगाबरोबर जलद होणारी, पण भार वाढवल्यावर फारशी न बदलणारी चिवचिव ही पुल्या एका रेषेत नसल्याची खूण असते. घरघर किंवा खरखर असेल तर बेअरिंगवर संशय घ्या.

कानाने खात्री होत नाही तेव्हा पाण्याची परीक्षा करा. फवारणीच्या बाटलीत साधे पाणी घ्या, इंजिन आयडलवर ठेवा आणि पट्ट्याच्या रिब असलेल्या बाजूवर हलका फवारा मारा. आवाज वाढला तर ताण कमी आहे. आवाज लगेच गेला आणि काही सेकंदांनी परत आला, तर पुल्यांची रेष चुकलेली आहे. काहीच फरक पडला नाही तर पट्टा बहुधा निर्दोष आहे, दुसरीकडे शोधा. एवढी स्वस्त आणि एवढे सांगून जाणारी चाचणी मोटारगाडीच्या दुरुस्तीत क्वचितच सापडेल.

मात्र हे करताना ओढणी, सैल बाही, मोकळे केस, गळ्यातली साखळी यांपैकी काहीही पट्ट्याजवळ नको. फवारा हातभर अंतरावरून मारा. पुढच्या सगळ्या तपासण्या इंजिन बंद करून, किल्ली खिशात ठेवून आणि बॅटरीची ऋण तार सोडवूनच करायच्या.

घसरण असेल तर

ताण कमी होण्याची कारणे पाहू. अल्टरनेटर सरकवून ताण देण्याची जुनी पद्धत असेल तर बोल्ट ढिला झालेला असतो किंवा पट्टा लांबलेला असतो. सर्वांत लांब मोकळ्या भागाच्या मध्यावर सुमारे १० किलोचा दाब दिल्यावर पट्टा किती दबला पाहिजे, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. पुष्कळ गाड्यांत तो आकडा १० मिलिमीटरच्या आसपास असतो, पण तुमच्या इंजिनाचाच आकडा वापरा. जरुरीपेक्षा जास्त आवळलात तर आवाज जाईल आणि त्याची किंमत पाण्याच्या पंपाचे व अल्टरनेटरचे बेअरिंग भरेल.

स्वयंचलित टेन्शनर असेल तर सैल बाजूचा ताण त्याची स्प्रिंग ठरवते. टेन्शनरचा हात पान्याने पूर्ण फिरवून हळूच सोडून पाहा. तो अडखळत आला, सैल वाटला किंवा इंजिन चालू असताना सतत मोठे झोके खात असला, तर टेन्शनर बदला. अशा वेळी नुसता नवा पट्टा घालणे म्हणजे पैसे पाण्यात.

पट्ट्याची तपासणी करताना जुन्या आणि नव्या रबरात फरक करा. जुने निओप्रीनचे पट्टे म्हातारे झाले की त्यांना आडवे तडे जात. आताचे पट्टे ईपीडीएम या रबराचे असतात. त्यांना सहसा तडे जात नाहीत. टायरची नक्षी झिजावी तशा त्यांच्या रिब झिजतात, मग पट्टा खाचेच्या तळाला टेकतो आणि पाचरीसारखी पकड, म्हणजे आपल्या सूत्रातली साइनने भागण्याची सवलत, जाते. म्हणून ‘तडे नाहीत, पट्टा चांगला आहे’ हे वाक्य आता चालत नाही. खाचेची खोली मोजायचे छोटे प्लास्टिकचे माप मिळते, ते वापरा.

पट्ट्यावर तेल किंवा कूलंट दिसले, तर आधी गळती बंद करा. ईपीडीएम उष्णता सोसते, पण खनिज तेलाने फुगते. तेल प्यालेला पट्टा पुसून पुन्हा वापरू नका.

इथेच साबणाची वडी आणि बाटलीतला ‘बेल्ट स्प्रे’ यांचा हिशेब करू. फिरत्या पट्ट्याला साबण टेकवला की आवाज थांबतो, कारण साबणाने घर्षण कमी होऊन चिकटणे-सुटणे बंद होते. घसरण उलट वाढते, फक्त ती मुकी होते. चिकट स्प्रे थोडा वेळ पकड देतो आणि मग रस्त्याची धूळ खाचांत धरून ठेवतो. दोन्ही उपाय माझ्या मते निदानाचा पुरावा नष्ट करणारे आहेत.

रेष चुकली असेल तर

आमच्या कार्यशाळेत एक पिकअप आली होती. एका पावसाळ्यात तीन पट्टे बदलून झालेले, चिवचिव कायम. मीही आधी ताणावरच संशय घेतला आणि पट्टा आवळला. दोन दिवस शांतता होती, तिसऱ्या दिवशी गाडी परत. मग पाण्याची परीक्षा केली. ती पहिल्याच दिवशी करायला हवी होती. आवाज गेला आणि काही सेकंदांत परत आला. क्रँकच्या पुलीच्या तोंडाला सरळ धातूची पट्टी लावून पाहिले, तर अल्टरनेटरची पुली ३ मिलिमीटर पुढे होती. बेअरिंग बदलताना कोणीतरी कंसामागचा वॉशर पुढे घातला होता. दोन पुल्यांमधला मोकळा भाग १८० मिलिमीटर. म्हणजे कोन जवळजवळ १ अंश. अशा पट्ट्याला अर्ध्या अंशाच्या आतच ठेवावे लागते. वॉशर जागेवर गेला आणि त्याच जुन्या पट्ट्यावर आवाज थांबला.

दोष नेहमीच इतका सोपा नसतो. क्रँकच्या पुलीत आतला तुंबा आणि बाहेरचे कडे यांच्यामध्ये कंपने शोषणारे रबर असते. ते सुटले की कडे पुढे-मागे सरकते. इंजिन चालू असताना पुली डगमगताना दिसली तर तीच बदलावी लागते.

बेअरिंग आणि एकदिशा पुली

पट्टा काढा आणि प्रत्येक पुली हाताने फिरवा, हलवून पाहा. खरखर किंवा ढिलाई हाताला लगेच कळते. तरीही शंका उरली तर पट्ट्याशिवाय इंजिन फार तर अर्धा मिनिट चालवा; आवाज नाहीसा झाला तर दोष पट्ट्याच्या कुटुंबातच आहे. त्याहून जास्त वेळ नको, पाण्याचा पंप थांबलेला असतो. अनेक डिझेल इंजिनांत अल्टरनेटरची पुली एकाच दिशेने पकडणारी असते. ती जाम झाली की इंजिन बंद होण्याच्या क्षणी पट्टा ओरडतो. अल्टरनेटरचा पंखा आतून धरून पुली फिरवा: एका दिशेने मोकळी, दुसऱ्या दिशेने घट्ट लागली पाहिजे.

नवा पट्टा घालण्याआधी जुन्याच्या मार्गाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पुल्यांच्या खाचा तारेच्या ब्रशने साफ करा आणि प्रत्येक रिब योग्य खाचेत बसली आहे हे बोटाने चाचपून पाहा. एक रिब बाहेर राहिली तर काही मिनिटांत पट्ट्याच्या चिंध्या होतात. मग इंजिन सुरू करून हेडलाइट, एसी लावा आणि पुन्हा एकदा पाण्याचा फवारा मारा. हाताने ताण देण्याचा पट्टा असेल तर तो खाचेत बसल्यावर थोडा सैल होतोच. काही दिवस गाडी चालवून झाल्यावर, इंजिन गार असताना, त्याचा ताण परत मोजा.