बाळासाठी नाचणीचं सत्त्व

बाळाला 6 महिने पूर्ण झाले, मान धरली, आधाराने बसू लागलं, की अंगावरच्या दुधाच्या जोडीने वरचं अन्न सुरू करायचं. घरी करण्यासारखं उत्तम म्हणजे नाचणीचं सत्त्व.

नाचणी निवडून, धुऊन रात्रभर भिजवा आणि ओल्या फडक्यात बांधून मोड आणा. याचा कंटाळा कृपा करून करू नका. मोड येताना दाण्यात अमायलेज हे विकर तयार होतं आणि ते स्टार्चचे तुकडे करतं. त्यामुळे साध्या पिठाची पेज जिथे गोळा होते, तिथे मोडाच्या पिठाची सैल राहते. म्हणजे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं. एवढ्याशा पोटासाठी हा फरक फार मोठा! मग मोड वाळवा, मंद आचेवर हलके भाजून दळा, पीठ वस्त्रगाळ करा.

चमचाभर पीठ गार पाण्यात कालवून, गुठळ्या मोडून, ढवळत शिजवा. वर थोडं तूप. चमचा कलता केला तर पेज पाण्यासारखी ओघळायला नको. पातळ पेजेने पोट भरतं, पोषण होत नाही.

वर्षापर्यंत मीठ, साखर, गूळ नको. मधाचं बोटही नको, बॉट्युलिझमचा धोका असतो.

नाचणीत कॅल्शियम भरपूर, 100 ग्रॅममध्ये साधारण 350 मिलिग्रॅम. लोहासाठी मात्र तिच्यावर विसंबू नका. मुगाचं घट्ट वरण, पूर्ण उकडून कुस्करलेलं अंडंही लवकरच सुरू करा, एका वेळी एकच नवा पदार्थ. बाळाने तोंड फिरवलं तर जबरदस्ती नको, दोन दिवसांनी पुन्हा द्या.