गोल बटणाचा कायदा

मोबाईलवरील इमोजींमध्ये एका वलयाच्या आत दुसरे वर्तुळ असलेले 🔘 असे एक चिन्ह आहे. हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांच्या गर्दीत त्याच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, आणि ज्यांचे जाते तेही बहुधा यादीतील कलमांपुढे शोभेचा ठिपका म्हणूनच त्याची योजना करतात. जपानी मोबाईल कंपन्यांच्या वापरातील शेकडो चित्रांना २०१० साली युनिकोडच्या ६.० या आवृत्तीत जागतिक मान्यता मिळाली, तेव्हा तेही ‘रेडिओ बटण’ म्हणून दप्तरी दाखल झाले.

जुन्या मोटारींतील रेडिओवर ठराविक केंद्रांसाठी बटणांची एक ओळ असे, आणि त्यांतले एक दाबले की आधी दबलेले आपोआप वर उसळे. संगणकाच्या पडद्यावरील अर्जांनी हीच तजवीज उचलली: चौकोन असेल तेथे हव्या तितक्या खुणा करण्याची मुभा, वर्तुळ असेल तेथे एकाचाच स्वीकार. इमोजी हे त्या बटणाचे केवळ चित्र असल्यामुळे ते दाबून काहीही घडत नाही. तरीही मित्रमंडळींना सहलीचे तीन वार कळवताना प्रत्येक वारापुढे हे वर्तुळ मांडले, तर ‘यांपैकी एकच सांगा’ हा आशय जाणकाराला पोहोचतो.

या कायद्याचे सर्वांत कठोर रूप मला मतदानयंत्रात दिसते. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन या दोन सरकारी कंपन्या ते तयार करतात, आणि त्याच्या रचनेत मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्राचे प्राध्यापक ए. जी. राव व रवी पूवय्या यांचाही वाटा आहे. मतदान अधिकाऱ्याने आपल्या जवळच्या नियंत्रण यंत्रावरचे बटण दाबून परवानगी दिली, की मतदारापुढच्या यंत्रावर हिरवा दिवा लागतो. मतदाराने उमेदवाराच्या नावापुढील निळे बटण दाबताच त्याच ओळीत लाल दिवा उजळतो, लांब शिट्टी वाजते आणि यंत्र कुलूपबंद होते. त्यानंतर कितीही बटणे दाबली तरी, पुढील मतदारासाठी पुन्हा परवानगी मिळेपर्यंत, एकही मत रुजू होत नाही. रेडिओवर आणि अर्जावर दुसरे बटण पहिल्याला पदच्युत करते. येथे मात्र पहिलेच अखेरचे, कारण मतपेटीत पडलेला कागद जसा परत काढता येत नसे, तसेच हे मतही परत घेता येऊ नये, हाच निर्वाचनाच्या कायद्याचा हेतू आहे.

वर्तुळांच्या ओळीत आणखी एक अडचण असते, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते: चौकोनातील खूण पुसता येते, परंतु वर्तुळांपैकी एक निवडल्यावर, दुसरे निवडल्यावाचून, त्यातून सुटका नसते. म्हणून सुज्ञ रचनाकार ‘यांपैकी काहीही नाही’ असे एक वर्तुळ शेवटी जोडतो. आपल्या मतदानयंत्रावर हे शेवटचे बटण सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालामुळे आले. ‘नोटा’ म्हणून ते आता सर्वांना परिचित आहे, आणि २०१५ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने रेखाटलेले, मतपत्रिकेवर काळी फुली असलेले स्वतंत्र चिन्हही त्याला मिळाले.

इतका विचार मतदानयंत्रामागे झाला, त्याचा अंशही रोजच्या अर्जांच्या वाट्याला येत नाही, याचे वाईट वाटते. बंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत मुले आजीशी मराठीत आणि शेजाऱ्यांशी कन्नडमध्ये बोलतात, शाळेत इंग्रजी शिकतात. अशा घरातल्या माणसापुढे ‘आपणांस अवगत असलेली भाषा’ या रकान्यात गोल बटणे आली, की तीन खऱ्या उत्तरांपैकी दोन त्याला खोडावी लागतात, आणि दप्तरात तो एकभाषिक म्हणून नोंदला जातो. अर्ज रचणाऱ्यांनी तेथे चौकोन द्यावेत, आणि वर्तुळे जन्माचा महिना किंवा परीक्षेचे केंद्र यांसारख्या, ज्यांचे उत्तर खरोखर एकच असते अशा प्रश्नांपुरती राखून ठेवावीत.