अकरावी-बारावीसाठी आर्थिक साहाय्य : दार आठवीतच उघडते

दहावीचा निकाल लागला की धर्मग्रामाच्या कार्यालयात काही पालक हमखास येतात. हातात गुणपत्रिकेची झेरॉक्स, सोबत मान खाली घालून उभा असलेला मुलगा किंवा मुलगी आणि बोलण्यात संकोच. ‘फादर, अकरावीला काही शिष्यवृत्ती मिळेल का?’ धर्मगुरू शक्य ते करतात, सेंट व्हिन्सेंट डी पॉल संघाला शब्द टाकतात, एखाद्या दात्याला फोन करतात आणि त्या वर्षीचा प्रवेश पार पडतो. परंतु त्या पालकांना एक गोष्ट सांगणे जड जाते. ज्या सरकारी शिष्यवृत्तीतून त्यांच्या पाल्याला बारावीपर्यंत नियमित पैसे मिळाले असते, तिची परीक्षा अडीच वर्षांपूर्वीच होऊन गेलेली असते. मूल तेव्हा आठवीत होते आणि घरात ह्या विषयाचा उच्चारही झालेला नव्हता.

हा लेख म्हणूनच दहावीच्या पालकांपेक्षाही सातवी-आठवीच्या पालकांसाठी अधिक आहे.

सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा (तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला) वयाच्या सहाव्या ते चौदाव्या वर्षापर्यंतचाच आहे. दुसरीकडे, बालकामगारविषयक कायद्यात २०१६ साली जी सुधारणा झाली, तिने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी घातली. घरच्या धंद्यातील मदतीसारखे थोडे अपवाद त्यात आहेत. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना मात्र केवळ धोकादायक कामांची मनाई आहे. म्हणजे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला शिकवलेच पाहिजे, असे कायदा म्हणत नाही आणि त्याने दुकानात उभे राहू नये, असेही म्हणत नाही. गरीब घरातील मूल नेमके ह्याच फटीतून निसटते. आपण समजतो की त्याला शुल्क परवडले नाही. पुष्कळदा शुल्क ही त्यातील लहान रक्कम असते. रेल्वेचा पास, पुस्तके, प्रयोगवह्या, दुपारचे खाणे हा खर्च रोजचा असतो आणि मूल केटररकडे किंवा दुकानात कामाला गेले असते तर घरात जे चार पैसे आले असते, तेही बुडतात. हा शेवटचा हिशेब कोणी कागदावर मांडत नाही, पण घराघरांत निर्णय त्यावरच होतो.

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयीचा जो जाहीरनामा प्रसिद्ध केला, त्यात प्रत्येक माणसाला शिक्षणाचा अधिकार आहे असे स्पष्ट म्हटले आहे. सार्वजनिक निधीतून होणारे साहाय्य अशा रीतीने वाटले जावे की पालकांना आपल्या मुलांसाठी खऱ्या अर्थाने शाळा निवडता यावी, अशी अपेक्षाही त्यात आहे. शिष्यवृत्तीसाठी अर्ज करणे म्हणजे हात पसरणे, अशी भावना आपल्या काही कुटुंबांत अजून आहे. तिला ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीत आधार सापडत नाही.

आता मुख्य योजनेकडे वळू. तिचे मराठी नाव लांबलचक आहे : राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती योजना. शाळांमध्ये ती ‘एनएमएमएस’ म्हणूनच ओळखली जाते. केंद्र शासनाने ती मे २००८ मध्ये सुरू केली. आरंभी दरमहा ५०० रुपये मिळत असत. १ एप्रिल २०१७ पासून ही रक्कम दरमहा १,००० म्हणजे वर्षाला १२,००० रुपये झाली. निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववीपासून बारावीपर्यंत, अर्थात चार वर्षांत ४८,००० रुपये मिळू शकतात. पैसे शाळेकडे न जाता थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतात.

ह्या शेवटच्या गोष्टीला महत्त्व आहे. इंग्लंडमध्ये २००४ पासून देशभर अशीच एक योजना होती. सोळा वर्षांनंतरही शिकत राहणाऱ्या गरीब घरांतील मुलांना त्यांच्या स्वतःच्या खात्यात आठवड्याला १० ते ३० पौंड मिळत आणि वर्गातील उपस्थिती ही त्याची अट असे. इंग्लंडमध्ये ती २०११ मध्ये बंद झाली. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड येथे ती चालू राहिली. शुल्कमाफी वेगळी आणि रोजच्या गरजेसाठी मुलाच्या हाती येणारा पैसा वेगळा, हे त्या योजनेने ओळखले होते. आपल्याकडील महिन्याचे हजार रुपये फार नाहीत. पण पास आणि वह्या त्यातून निभतात, आणि आपल्या शिक्षणाचा काही भार आपण स्वतः उचलतो आहोत ही जाणीव त्या वयात मोलाची असते.

पात्रतेच्या अटी नीट वाचाव्यात. पालकांचे सर्व मार्गांनी होणारे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपेक्षा अधिक नसावे. पूर्वी ही मर्यादा दीड लाखाची होती आणि जुनी माहिती डोक्यात असल्यामुळे अनेक कुटुंबे आजही स्वतःला अपात्र समजतात. विद्यार्थी शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकत असावा. विनाअनुदानित खासगी शाळा, केंद्रीय विद्यालये आणि नवोदय विद्यालये ह्यांतील मुलांना ही परीक्षा देता येत नाही. आपल्या संस्थांच्या अनुदानित मराठी शाळांकडे पाठ फिरवून इंग्रजी माध्यमाकडे धावताना ही बाजू कोणी विचारात घेतल्याचे दिसत नाही. सातवीत किमान ५५ टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना पाच टक्क्यांची सवलत आहे.

परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे घेते. दोन प्रश्नपत्रिका असतात, प्रत्येकी ९० गुणांच्या. पहिली बौद्धिक क्षमतेची, त्यात मालिका, वर्गीकरण, आकृत्या असे प्रश्न येतात. दुसरी शालेय क्षमतेची; तिच्यात विज्ञान, समाजशास्त्र आणि गणित. मराठी माध्यमातून उत्तरे देता येतात. उत्तीर्ण होण्यासाठी ४० टक्के पुरेसे आहेत, राखीव गटांसाठी ३२ टक्के. मात्र उत्तीर्ण होणे आणि निवड होणे ह्यांत अंतर आहे. देशभरात दर वर्षी एक लाख नव्या शिष्यवृत्त्या असतात, त्यांपैकी महाराष्ट्राच्या वाट्याला ११,६८२ येतात आणि त्या जिल्हानिहाय व संवर्गनिहाय वाटल्या जातात. त्यामुळे बौद्धिक क्षमतेच्या प्रश्नांचा सराव हवाच. हुशार मुलेही तेथे गोंधळतात, कारण अशा प्रश्नांची शाळेत सवय नसते.

निवड झाल्यावर काम संपले असे मानून अनेक जण फसतात. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नोंदणी करावी लागते आणि दर वर्षी तिचे नूतनीकरणही करावे लागते. ते चुकले की पैसे थांबतात. दहावीत ६० टक्के मिळाले तरच अकरावीत शिष्यवृत्ती पुढे चालते. अनुसूचित जाती-जमातींसाठी ५५ टक्के. एरवी प्रत्येक इयत्ता पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण व्हावी लागते. आणखी एक खाचखळगा अकरावीच्या प्रवेशाचा आहे. एकाच कनिष्ठ महाविद्यालयात अनुदानित आणि विनाअनुदानित अशा दोन्ही तुकड्या असू शकतात. योजना अनुदानित शिक्षणासाठी आहे. पसंतीक्रम भरताना नामांकित महाविद्यालयाची विनाअनुदानित तुकडी वर टाकली तर शुल्कही अधिक आणि शिष्यवृत्तीवरही पाणी. दहावीनंतर आयटीआय किंवा पदविकेकडे वळणाऱ्या मुलांनी ही शिष्यवृत्ती तेथे मिळणार नाही असे धरूनच हिशेब करावा.

ज्यांचे आठवीचे वर्ष निघून गेले आहे, त्यांचे काय? अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आपल्या लोकांना चांगली ठाऊक आहे. २००७ नंतर अकरावी-बारावीच्या कितीतरी ख्रिस्ती मुलांना तिचा लाभ झाला. परंतु तिला २०२१-२२ पर्यंतचीच मंजुरी होती आणि त्यानंतर ती पूर्ववत चाललेली नाही. २०२३ मध्ये बोगस संस्थांनी ह्या शिष्यवृत्त्या लाटल्याचा तपास सुरू झाला. चोर वेगळे होते, झळ खऱ्या विद्यार्थ्यांना बसली. पोर्टलवर ती खुली दिसली तर अर्ज जरूर करावा, पण तिच्या भरवशावर घरखर्च ठरवू नये.

आपल्या आदिवासी बांधवांविषयी गैरसमज फार आहेत. अनुसूचित जमातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपती आदेशात धर्माची अट नाही. म्हणून ख्रिस्ती वारली किंवा अन्य आदिवासी विद्यार्थी जमातीचे प्रमाणपत्र असल्यास मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला पात्र ठरतो. अनुसूचित जातींच्या बाबतीत तसे नाही. त्या आदेशात हिंदू धर्माबरोबर १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध धर्माचा समावेश झाला. ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. ही वेदना जुनी आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांची गणना इतर मागासवर्गात होते, तेव्हा त्या प्रवर्गाच्या योजना त्यांनी पाहाव्यात. मुलींना अनुदानित वर्गात बारावीपर्यंत शिक्षणशुल्क माफ असते आणि ग्रामीण भागातील बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेखाली एसटीचा पास मोफत मिळतो. २००८-०९ च्या रेल्वे अर्थसंकल्पात मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत घर ते शिक्षणसंस्था ह्या प्रवासासाठी द्वितीय श्रेणीचा मोफत मासिक पास जाहीर झाला होता. आपल्या महाविद्यालयाच्या कार्यालयात त्याविषयी अवश्य विचारावे.

कागदपत्रांबद्दल दोन शब्द, कारण आपल्या समाजाची खरी अडचण पुष्कळदा येथेच असते. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव, शाळेच्या रजिस्टरात दुसरे, आधार कार्डावर तिसरे. कोठे ‘डिसोजा’, कोठे ‘डिसूजा’. इंग्रजीत लिहिताना मधला स्वल्पविरामासारखा खुणेचा ठिपका एका कागदावर आहे, दुसऱ्यावर नाही. आजीने ठेवलेले संताचे नाव दाखल्यात आहे, पण बँकेत नाही. माणसाला हा फरक कळतो, संगणकाला कळत नाही, आणि अर्ज परत येतो. नावांची दुरुस्ती सातवीतच करून घ्यावी. विद्यार्थ्याचे स्वतःचे खाते उघडून ते आधारशी जोडावे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढायला सेतू केंद्रात दोन फेऱ्या होतात, कधी चार.

धर्मग्रामाने काय करावे? फ्रेडरिक ओझानाम ह्याने १८३३ मध्ये पॅरिसमध्ये सहकाऱ्यांसह व्हिन्सेंट डी पॉल संघ स्थापन केला, तेव्हा तो स्वतः वीस वर्षांचा विद्यार्थी होता. आजही संघाची मदत शुल्कावर खर्च होते, ती व्हावीच. पण सरकारी पैसे खात्यात उशिरा येतात आणि प्रवेशाची, पुस्तकांची निकड त्याआधीच उभी राहते. तेवढ्या काळापुरती बिनव्याजी रक्कम देऊन ती शिष्यवृत्ती आल्यावर परत घेतली, तर तोच निधी पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलाच्या उपयोगी पडेल. शिवाय लहान ख्रिस्ती समूहाच्या एका बैठकीत आठवीच्या मुलांची यादी करणे आणि निवृत्त शिक्षकांनी रविवारच्या मिस्सानंतर तासभर बौद्धिक क्षमतेचा सराव घेणे, ह्याला तर पैसाही लागत नाही.

परीक्षा साधारणपणे डिसेंबरात होते आणि अर्ज मुख्याध्यापकांमार्फतच भरले जातात. आठवीच्या पालकांनी गणपतीच्या सुट्टीपूर्वी शाळेत जाऊन आपल्या पाल्याचे नाव यादीत आहे की नाही, हे स्वतः पाहून यावे. सातवीची गुणपत्रिका सोबत न्यावी.